अंगठ्याखालचा खड्डा

बाई पंचावन्नच्या आसपासच्या. सोबत सून. दोन्ही पायांना घोट्यापासून गुडघ्यापर्यंत आंबेहळदीचा लेप, वाळून भेगाळलेला. "मुका मार बसल्यागत सूज आलीया, पण पडले-बिडले कुठं न्हाई," त्या म्हणाल्या. दोन महिने रोज रात्री लेप चालू होता. पायातली जोडवी रुतायला लागली तेव्हाही त्या थांबल्या, कारण नवरा हयात असताना जोडवी उतरवायची कशी? शेवटी सोनाराकडून ती कापून घ्यावी लागली, आणि त्याच दिवशी सून त्यांना हट्टानं दवाखान्यात घेऊन आली. मी ओल्या फडक्यानं लेप पुसला, नडगीच्या हाडावर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. सून वाकून बघत होती. "कणकंत बोट घातल्यागत झालं की ओ," ती म्हणाली.

त्या पायांना स्वतःचा असा काहीच आजार नव्हता. आजार हृदयात होता. रात्री आडवं पडलं की धाप लागते, म्हणून त्या महिनाभर भिंतीला टेकून झोपत होत्या. हे मी विचारल्यावर कळलं. धाप वेगळी आणि सूज वेगळी, असं त्या धरून चालल्या होत्या.

ते दोन महिने का गेले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बाई हयगय करणाऱ्या नव्हत्या. रोज न चुकता लेप लावणारं माणूस निष्काळजी नसतं. त्यांना चकवलं ते शब्दानं. आपल्याकडं 'सूज' म्हटलं की मुरगळलेला घोटा, गांधीलमाशीचा दंश, दाढेचं गळू हेच आधी डोळ्यांपुढं येतं, आणि त्याच्या मागोमाग उपायही ठरलेला असतो: आंबेहळद, रक्तचंदन, विटेचा शेक. शब्द एकच, म्हणून उपायही एकच. पण 'सूज' या एका शब्दाखाली मराठीत दोन निराळ्या गोष्टी नांदतात, आणि या पुस्तकाचा विषय त्यातली दुसरी आहे. डॉक्टर जिला इडिमा म्हणतात, केसपेपरवर 'पेडल इडिमा प्लस प्लस' असं लिहितात, ती.

पहिली सूज विस्तवासारखी. जागा लाल होते, गरम लागते, ठणकते, फुगते. पहिल्या शतकात रोममध्ये सेल्ससनं हीच चार लक्षणं एका ओळीत नोंदवून ठेवली, आणि वैद्यकाचे विद्यार्थी ती आजही पाठ करतात. शरीर तिथं लढत असतं. दुसरी सूज थंड. लाली नाही, ठणका नाही, नुसता जडपणा. दाबलं की खड्डा पडतो आणि सावकाश भरतो. इथं लढाई नसते. पेशींच्या अधल्यामधल्या जागेत पाणी साठलेलं असतं. पहिलीचं कारण बहुतेक वेळा सुजेच्या जागीच सापडतं. दुसरीचं कारण वीतभर, हातभर लांब, हृदयात, मूत्रपिंडात, यकृतात किंवा ताटात असू शकतं. एवढा एक फरक घरोघरी पोचला, तरी या पुस्तकावर घालवलेली तीन वर्षं कारणी लागली असं मी समजेन.

आपल्या भाषेला हा फरक अगदीच कळलेला नाही असं मात्र नाही. दवाखान्यात बसून मी माणसांची वाक्यं टिपून ठेवत आलो. ठणकणारी सूज 'येते' आणि 'बसते'. पाण्याची सूज 'चढते', 'उतरते', 'ओसरते'. नदीच्या पाण्याला लावावीत तशी क्रियापदं. 'पाय भरून आलेत' असं कुणी म्हटलं, तर शंभरातल्या नव्वदांना अंगठ्याखाली खड्डा पडतो, असा माझा अनुभव आहे. बायका दागिन्यांच्या मापानं बोलतात: जोडवी रुततात, पैंजण वर सरकत नाही, बांगडी मनगटातून निघत नाही. पुरुष चपलेच्या पट्ट्याचा वण दाखवतात. ही सगळी वाक्यं निदानाच्या तोडीची आहेत, फक्त ऐकणाऱ्यानं ती ऐकायला हवीत.

आणि एक वाक्प्रचार तर असा आहे की त्यात अख्खा धडा सामावलाय: ही सूज आहे, बाळसं नव्हे. आज हा शब्दप्रयोग अर्थकारणावरच्या आणि राजकारणावरच्या अग्रलेखांत दिसतो. पण तो ज्या आईनं किंवा आजीनं पहिल्यांदा उच्चारला असेल, तिच्या मांडीवर खरंच एक मूल असणार. गाल वर आलेले, पाय गुबगुबीत, आणि तरीही किरकिरं, खेळायला न उठणारं. तिनं ते पाय दाबून पाहिले असणार.

या मुलाच्या आजाराचं वैद्यकीय नाव क्वाशिओरकोर. जमैकात जन्मलेल्या डॉक्टर सिसिली विल्यम्स यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, काम करताना १९३३ साली त्याचं वर्णन केलं आणि दोन वर्षांनी तिथल्या गा भाषेतलं नाव जगापुढं ठेवलं. धाकटं भावंड आल्यावर अंगावरून तुटलेल्या थोरल्या मुलाला होणारा आजार, असा त्या नावाचा भाव. तिथल्या बायकांनी आजाराला सुजेवरून नाव दिलं नाही, घरात घडलेल्या गोष्टीवरून दिलं, आणि विल्यम्सबाईंनी ते तसंच उचललं. मला याचं फार मोल वाटतं. प्रथिनांची उणीव एवढंच याचं कारण आता मानत नाहीत, गुंता त्याहून मोठा आहे. पण ओळखायची खूण तीच राहिली आहे. १९९० च्या दशकात मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या आल्यापासून कुपोषण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं बरगड्या मोजता येणारं मूल येतं. सुजलेलं मूल येत नाही. ते वजनकाट्यालाही फसवतं, कारण काटा पाण्याचंही वजन मोजतो. म्हणून सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दोन्ही पावलांवर खड्डा पडत असेल, तर दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या वर असला आणि वजन बरं दिसलं, तरी ते मूल तीव्र कुपोषितच धरतात. तिथं दुसऱ्या पुराव्याची वाट बघायची नसते.

आता शास्त्राच्या शब्दांकडं वळतो. इथं पाऊल जपून टाकावं लागतं.

संस्कृतात शोथ, शोफ आणि श्वयथु असे तीन शब्द आहेत, आणि आयुर्वेदाचे ग्रंथ ते बहुधा एकमेकांच्या जागी वापरतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अठरावा अध्याय 'त्रिशोथीय' नावाचा आहे आणि चिकित्सास्थानातला बारावा अध्याय श्वयथूच्या चिकित्सेला दिलेला आहे. सूज सर्वांगाला आहे, अर्ध्या अंगाला आहे की एकाच अवयवाला, हा भेद तिथं केलेला आहे. एका प्रकारची सूज दाबून सोडली की लगेच वर येते आणि दिवसा वाढते, दुसरी दाबल्यावर वर येत नाही आणि रात्री वाढते, इतकं बारीक निरीक्षण तिथं आहे. वात आणि कफ ही त्यामागची मांडणी आपण स्वीकारा अथवा न स्वीकारा, पण कुणीतरी पायावर बोट दाबून, सोडून, थांबून पाहिलं होतं हे नक्की. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी झाल्यामुळं आलेल्या सुजेतला खड्डा लवकर भरतो आणि शिरांतला दाब वाढून आलेल्या सुजेतला खड्डा रेंगाळतो, हे आजच्या डॉक्टरांनीही नोंदवलेलं आहे.

पुढं आधुनिक परिभाषा घडवताना या जुन्या शब्दांची वाटणी झाली. 'शोथ' विस्तवाच्या सुजेला मिळाला: यकृतशोथ, संधिशोथ, वृक्कशोथ. 'शोफ' पाण्याच्या सुजेकडं गेला. वाटणी तर्काला धरून होती, पण ती कागदावरच राहिली. एका अक्षराच्या फरकावर माणसाचा जीव टांगणं मला पटत नाही. 'शोथ' आणि 'शोफ' घाईच्या हस्ताक्षरात वेगळे वाचून दाखवणारा कंपाउंडर मला अजून भेटायचा आहे. म्हणून या पुस्तकात मी दोन्ही टाळले. ठणकणाऱ्या सुजेला 'दाहाची सूज' आणि इडिमाला 'पाण्याची सूज' म्हटलं आहे. पुस्तक तपासून देणाऱ्या एका आयुर्वेदाचार्य मित्रांना हे रुचलेलं नाही. त्यांचं म्हणणं, लोकांना शब्द शिकवावेत, शब्द सोपे करून त्यांची धार घालवू नये. त्यांच्या मताचा मी मान ठेवतो. पण बाजाराच्या दिवशी ओपीडीत दीडशे माणसं असतात, आणि तिथं आधी कळणं महत्त्वाचं.

'इडिमा' हा मूळचा ग्रीक शब्द, अर्थ सूज, बस. त्याच धातूवरून ईडिपस या राजाचं नाव आलं. जन्मल्यावर घोटे टोचून डोंगरावर टाकून दिलेलं ते मूल, सुजलेल्या पायांचा म्हणून ईडिपस. गंमत अशी की त्याची सूज जखमेची होती, म्हणजे दाहाची. तिकडंही एकच शब्द दोन्ही घरं सांभाळत होता. वैद्यकानं पुढं तो पाण्याच्या सुजेपुरता राखून ठेवला.

त्याआधी युरोपात कित्येक शतकं 'ड्रॉप्सी' हा शब्द चालला, आणि तो लक्षणाचं नव्हे तर आजाराचं नाव होता. माणूस ड्रॉप्सीनं वारला, अशा नोंदी होत. आपल्याकडं अजूनही 'अंगावर सूज येऊन गेले' असं म्हणतात, तसंच. हे बदलायला दोन माणसं कारणीभूत झाली. इंग्लंडमधल्या विल्यम विदरिंगला १७७५ साली श्रॉपशायरमधल्या एका म्हाताऱ्या बाईच्या घरगुती औषधाबद्दल कळलं. बाई वीसहून अधिक वनस्पती एकत्र करून द्यायची आणि ड्रॉप्सीचे काही रोगी बरे व्हायचे. त्या जुडीतली कामाची वनस्पती फॉक्सग्लव्ह, म्हणजे डिजिटॅलिस, हे त्यानं ओळखलं, दहा वर्षं मात्रा बसवली, फसलेल्या रुग्णांच्याही नोंदी ठेवल्या आणि १७८५ साली पुस्तक काढलं. औषध लघवी वाढवतं असं त्याला वाटत होतं, पण हृदयाच्या ठोक्यांवर त्याची सत्ता चालते हेही त्याच्या नजरेतून सुटलं नाही. बाईचं नाव मात्र त्या पुस्तकात नाही. दुसरा रिचर्ड ब्राइट, लंडनच्या गाईज हॉस्पिटलचा. १८२७ साली त्यानं दाखवून दिलं की सूज आलेल्या काही रुग्णांची लघवी चमच्यात धरून मेणबत्तीवर तापवली तर ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी साकळते, आणि मृत्यूनंतर त्यांची मूत्रपिंडं बिघडलेली आढळतात. एक ड्रॉप्सी हृदयाची, एक मूत्रपिंडाची. सूज हा आजार नसून आजारानं धाडलेला निरोप आहे, हे तिथून पक्कं होत गेलं.

जुनं नाव आपल्या देशात एका जागी अजून टिकून आहे: एपिडेमिक ड्रॉप्सी. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळलं की त्यातल्या विषानं केशवाहिन्या पाझरायला लागतात. १९९८ च्या पावसाळ्यात दिल्लीत याची मोठी साथ आली, साठाहून अधिक माणसं दगावली. तिथं सुजेचं मूळ स्वयंपाकघरातल्या डब्यात होतं.

पाणी साठतं कसं, हे सांगायला मला कृष्णाकाठच्या एका ऊसवाल्या शेतकऱ्यानं जी उपमा दिली तिच्याहून चांगली उपमा अजून सापडलेली नाही. ती त्याच्या तोंडून आली आणि मी वापरतोय, एवढंच. अर्न्स्ट स्टार्लिंगनं १८९६ साली मांडलेला नियम मी त्याला समजावत होतो: केशवाहिन्यांतला दाब पाणी बाहेर ढकलतो, रक्तातली प्रथिनं ते आत ओढून धरतात, आणि उरलंसुरलं लसिकावाहिन्या वाहून नेतात. तो म्हणाला, "म्हंजे रान चिबडतं तसंच की." पाटाला पाणी जास्त झालं, जमिनीला धरवेनासं झालं किंवा चर बुजला, की रान चिबडतं. हृदय थकलं की शिरांतला दाब वाढतो, हे पाटाचं पाणी. यकृत किंवा मूत्रपिंड बिघडून अल्ब्युमिन घटलं की रक्ताची ओढ कमी होते. आणि चर बुजणं म्हणजे हत्तीरोग. क्यूलेक्स डासानं आणलेला जंत लसिकावाहिन्यांत घर करतो. विदर्भाच्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांत हा आजार आजही आहे, आणि तपासणीचं रक्त रात्रीच घ्यावं लागतं, कारण जंताची पिल्लं रात्री रक्तात उतरतात. या सुजेत सुरुवातीला खड्डा पडतो, पुढं कातडी जाड होते आणि तो पडेनासा होतो. तेव्हा 'खड्डा नाही म्हणजे पाण्याची सूज नाही' असं कुणी म्हटलं, तर ते अर्धसत्य आहे. हत्तीरोगावर सातवं प्रकरण सविस्तर आहे. त्यातलं पाय धुण्याचं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करण्याचं पान कृपा करून कुणी चाळून पुढं जाऊ नये.

शेतकऱ्याच्या उपमेतला दुसरा अर्धा भाग मला नंतर कळला. चिबड आणि क्षारपड हे शब्द कृष्णाकाठी जोडीनं येतात. पाणी साठलं की मीठ वर येतं. शरीरात हे उलट्या दिशेनं चालतं: मीठ थांबलं की पाणी थांबतं. एक लिटर सलाईनमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं. शरीरात पेशींच्या बाहेरचं पाणी जवळपास याच मापानं खारट असतं. म्हणजे शरीरानं ९ ग्रॅम मीठ धरून ठेवलं, की त्यापाठोपाठ सुमारे लिटरभर पाणी थांबलंच.

इथं मला एक कबुली द्यायची आहे. 'पाण्याची सूज' हा शब्द मी आधीपासून वापरत होतो, आणि सुरुवातीच्या वर्षांत त्याच्यासोबत 'पाणी कमी प्या' एवढंच सांगत होतो. एक शाळामास्तर होते. त्यांनी माझा शब्द इतका पाळला की भर उन्हाळ्यात घसा कोरडा पडेस्तोवर पाणी टाळलं. सूज उतरेना. शेवटी मी जेवणाचं विचारलं. रोज सकाळी खर्डा-भाकरी, दुपारी पापड, लोणच्याची फोड, रात्री आमटीवर वरून मीठ. पाणी तोडलं होतं, मीठ तसंच होतं. मी त्यांना पाण्याचं सांगितलं होतं, मिठाचं सांगितलंच नव्हतं. ते मला काहीही बोलले नाहीत, उलट पथ्य आपल्याकडूनच मोडलं असेल म्हणून अपराधी चेहऱ्यानं बसून होते. तो चेहरा मी विसरलेलो नाही. सूज या शब्दानं जोडवीवाल्या बाईंना चकवलं, तसं पाणी या माझ्या शब्दानं मी मास्तरांना चकवलं. पाणी किती प्यायचं हे आजाराप्रमाणं डॉक्टरांनी ठरवायचं. मिठाचा प्रश्न मात्र हृदय, मूत्रपिंड, यकृत या तिन्ही सुजांत आधी विचारायचा.

'पाणी' आणखी एका ठिकाणी घोळ घालतं. 'फुफ्फुसात पाणी झालंय' हे वाक्य आपण दोन वेगळ्या आजारांना लावतो. क्षयरोगात बऱ्याचदा पाणी फुफ्फुसाच्या बाहेर, त्याच्या आवरणाच्या दोन पदरांमध्ये साठतं. ते सुईनं काढता येतं. हृदय एकाएकी थकलं तर पाणी फुफ्फुसाच्या आत, हवेच्या पिशव्यांत उतरतं, तेव्हा सुई टोचून उपयोग नाही. माणसाला बसतं करून ऑक्सिजन आणि लघवी वाढवणारं इंजेक्शन द्यावं लागतं, तेही मिनिटांच्या हिशेबानं. 'पाणी का काढत नाही?' असं विचारत नातेवाईक ओरडतात तेव्हा त्यांचा दोष नसतो. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं पाणी त्यांनी कालच काढताना पाहिलेलं असतं.

सूज कुठं आणि केव्हा, हे दोन प्रश्न या पुस्तकात वारंवार येतील. सकाळी उठल्यावर लहान मुलाच्या पापण्या सुजलेल्या दिसल्या, तर डोळ्याच्या थेंबांच्या मागं न लागता आधी लघवी तपासावी. पापणीची कातडी सैल, म्हणून मूत्रपिंडाचं पाणी तिथं आधी दिसतं. दिवसभर पाय खाली सोडून बसणाऱ्याचे पाय संध्याकाळी भरून येतात. अंथरुणाला खिळलेल्याचे पाय कोरडे दिसतात आणि पाणी माकडहाडावर उतरलेलं असतं, त्याला कुशीवर वळवून तिथं दाबून बघावं लागतं. दोन्ही पाय सुजले तर कारण बहुधा वरचं. लांबच्या प्रवासानंतर किंवा ऑपरेशननंतर एकच पोटरी सुजली, दुखू लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती पोटरी चोळू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गरोदर बाईच्या पावलांना थोडी सूज येतेच, पण तोंड आणि हात सुजले, डोकं दुखू लागलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर रक्तदाब मोजायला एक तासही थांबू नये. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पाय सुजतात, अ‍ॅम्लोडिपिन त्यातली नेहमीची. तेव्हा गोळी आपल्या मनानं बंद न करता डॉक्टरांना सांगावं.

अंगठ्याच्या खुणेची मर्यादाही सांगायला हवी. प्रौढ माणसाच्या अंगात दोन-तीन लिटर जादा पाणी साठेपर्यंत पायावर खड्डा दिसत नाही. वजनकाटा मात्र ते आधी सांगतो, कारण लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन. म्हणून हृदयाच्या रुग्णांसाठी पुस्तकाच्या शेवटी वजनाचे कोरे तक्ते जोडले आहेत. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, न्याहारीआधी, त्याच काट्यावर उभं राहायचं आणि आकडा लिहायचा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर सुजेची वाट न बघता दाखवायला यायचं. प्रकाशकांनी हे तक्ते फाडून भिंतीला लावता येतील असे छापले, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

मसुदा पहिल्यांदा वाचला तो आमच्या भागातल्या अंगणवाडीच्या ताईंनी. मी लिहिलं होतं, 'बालकाच्या पावलावर तीन सेकंद दाब द्यावा.' त्यांनी पेन्सिलीनं ते वाक्य खोडलं. म्हणाल्या, मूल रडत असतं, घड्याळ कोण बघणार? त्यांनी आपल्या मदतनीस बाईंना जवळ घेतलं, मांडीवरच्या मुलाच्या दोन्ही पावलांवर दोन्ही अंगठे ठेवले आणि मोठ्यानं म्हणाल्या, "एकशेएक, एकशेदोन, एकशेतीन." मग अंगठे उचलले आणि दोघी वाकून बघू लागल्या. चौथ्या प्रकरणात आता तसंच छापलं आहे.